घरातल्या आरडाओरड्यासाठी पोलिसांनी अटक करावी का? (अनुभव धागा)

धागा काढणारी

शेजारच्या फ्लॅटमध्ये रात्री अकराला भांडी आपटायला लागली की जिन्यात जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणतंच, "पोलिसांना बोलवा, दोन दिवस आत टाकतील." खरंच टाकता येतं का? आणि टाकावं का?

ज्यांचा या कामाशी रोजचा संबंध आहे त्यांनी लिहावं, मग ते ठाण्यातलं असो, कोर्टातलं, दवाखान्यातलं किंवा सोसायटीच्या कमिटीतलं. घरच्या कर्मकहाण्या नकोत. कलम, कागद, वेळ आणि गाडी नेमकी कुठे अडते ते सांगा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेऐवजी न्यायसंहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहितेऐवजी नागरिक सुरक्षा संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, पण तोंडात अजून जुनेच आहेत. जमेल तिथे दोन्ही द्या.

फौजदारी वकील, पुणे

आधी एक गैरसमज काढू. "गोंधळ घातला" या नावाचा गुन्हा आपल्याकडे बहुतेक वेळा रस्त्याला बांधलेला आहे, घराला नाही.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ११० वाचा. त्याचे दोन तुकडे आहेत. पहिला अंगप्रदर्शनाचा. ते घराच्या आतून केलं आणि रस्त्यावरून दिसलं तरी गुन्हा, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. दुसरा अर्वाच्य भाषा आणि बेशिस्त वर्तनाचा. त्यात "घराच्या आतून" हे शब्द नाहीत. तिथे रस्ता, लोकांच्या येण्याजाण्याची जागा, कचेरी, ठाणं एवढंच आहे. कायदा करणाऱ्यांना घर घालायचं असतं तर एका ओळीपूर्वी घातलं तसं घातलं असतं. कलम ११२ (शांतता भंग होईल असं वागणं) तेही रस्त्याचं आणि सार्वजनिक जागेचंच. "११०-११७" म्हणून (११७ हे शिक्षेचं कलम) जी कारवाई होते तिची शिक्षा दंडाची आहे.

दारूचंही तसंच. दारूबंदी कायद्याचं कलम ८५ रस्ता किंवा लोकांना प्रवेश असलेली जागा मागतं. न्यायसंहितेचं ३५५ (जुनं ५१०) सार्वजनिक जागा मागतं, किंवा जिथे त्या माणसाचं जाणंच अतिक्रमण ठरेल अशी जागा. शिक्षा २४ तासांपर्यंत साधी कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा समाजसेवा. मारामारी, म्हणजे १९४ (जुनं १६०), त्यालाही सार्वजनिक जागा आणि किमान दोन भांडणारे लागतात.

म्हणून दिवाणखान्यात उभं राहून बायकोला, भावाला किंवा भिंतीला शिव्या देणाऱ्यावर यातलं काहीच नीट बसत नाही. इमारतीचा जिना सार्वजनिक की खाजगी, यावर मात्र वकिलांची पोटं भरतात.

निवृत्त ठाणे अंमलदार, सोलापूर जिल्हा

वकीलसाहेबांचं बरोबर आहे. पण कॉल आला की माणूस पाठवावाच लागतो. ११२ ला फोन लागला की गाडीच्या टॅबवर कॉल पडतो, पोचल्याची वेळ नोंदली जाते. दारात गेल्यावरचा क्रम असा असावा:

आधी दोघांना वेगळं करायचं, एक स्वयंपाकघरात, एक बाहेरच्या खोलीत. विळी, कोयता, गॅसची शेगडी असते म्हणून शक्यतो चिडलेल्याला स्वयंपाकघरात बसवू नये. मग जखम बघायची. लहान मूल, म्हातारं माणूस कुठे आहे ते बघायचं. मगच विचारपूस.

जखम नाही, नुसती शिवीगाळ आणि एखादी थप्पड: ११५(२), ३५२, ३५१ (जुनं ३२३, ५०४, ५०६). ही आमची नेहमीची एनसी. अदखलपात्र, म्हणजे वॉरंटशिवाय अटक नाही, मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय तपास नाही. ठाण्यात नोंद, अर्जदाराला नक्कल, समोरच्याला समज. लोकांना वाटतं एनसी म्हणजे पोलिसांनी टोलवलं. तसं नाही. पुढे चॅप्टर (शांतता राखण्याचा बाँड, म्हणजे हमीपत्र, घेण्याची कारवाई) करायची झाली, कोर्टात जायचं झालं, तर तारखेसह हाच कागद कामाला येतो. तीन वेळा बोलावून एकदाही एनसी न घेणारे लोक चौथ्या वेळी रिकाम्या हाताने उभे राहतात.

दात पडला, हाड मोडलं, पंधरा दिवस काम करता येईना इतकी दुखापत झाली, तर ११७ (जुनं ३२५). हत्यार वापरलं तर ११८ (जुनं ३२४, ३२६). हे दखलपात्र. म्हणून मेडिकल त्याच रात्री करा. आमच्या यादीची (ठाण्याच्या पत्राची) वाट बघायची गरज नाही, सरकारी दवाखान्यात थेट गेलं तरी डॉक्टर एमएलसी (पोलीस प्रकरण म्हणून वैद्यकीय नोंद) करून ठाण्याला कळवतात. दोन दिवसांनी गेलं की सूज उतरते आणि प्रमाणपत्रावर "साधी दुखापत" येते.

फौजदारी वकील, पुणे

अंमलदारसाहेब, १५१ बद्दलही लिहा. खरी गडबड तिथेच आहे.

निवृत्त ठाणे अंमलदार, सोलापूर जिल्हा

लिहितो. जुनं १५१, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १७०. लोक "आत टाकलं" म्हणतात ते बहुतेक हेच. यात गुन्हा झालेला नसतो, होणार असतो. अटी दोन. एक, माणूस दखलपात्र गुन्हा करण्याच्या बेतात आहे हे अधिकाऱ्याला कळलेलं हवं. दोन, अटकेशिवाय तो थांबवता येणार नाही असं दिसायला हवं. मुदत २४ तास.

चूक कुठे होते, तर डायरीत "शांतता भंग होण्याची शक्यता असल्याने ताब्यात घेतले" असं ठोकळेबाज वाक्य लिहितात. शांतता भंग हा १२६ चा (जुनं १०७) शब्द आहे आणि १२६ मध्ये अटकेचा अधिकारच नाही. तिथे कार्यकारी दंडाधिकारी नोटीस काढून वर्षभरापर्यंतचा बाँड घेतात. आयुक्तालय असलेल्या शहरात ते काम एसीपी-डीसीपी बघतात. १७० ला "कोयता घेऊन भावाच्या दारावर मारत होता, समजावूनही ऐकत नव्हता, पुन्हा मारण्याची धमकी देत होता" असं प्रत्यक्ष लिहावं लागतं. ते नसलं की ताबा बेकायदा ठरतो आणि नाव अधिकाऱ्याचंच येतं.

पोलीस अधिनियमाचं ६९ पण आहे. पोलिसाची वाजवी सूचना न पाळणाऱ्याला बाजूला काढायचं आणि किरकोळ मामला असेल तर प्रसंग टळल्यावर सोडायचं. ते नीट वापरलं तर निम्म्या रात्री अटकेशिवाय निभतात. कोणी वापरत नाही, कारण त्याला आकडेवारीत रकाना नाही.

विशेष कक्षातील समुपदेशक, मुंबई

वर सगळे "अटक होत नाही" या सुरात आहेत. बाईच्या बाजूने बघितलं तर चित्र बदलतं. मुंबईत पोलीस आयुक्तालयात १९८४ पासून महिला व मुलांसाठी विशेष कक्ष आहे. तिथे येणाऱ्या बायकांपैकी पुष्कळ जणींची पहिली मागणी नवऱ्याला तुरुंगात टाका अशी नसते. "आजची रात्र त्याला बाहेर ठेवा" इतकीच असते. या मागणीसाठी आपल्या कायद्यात सरळ कलम नाही, म्हणून पोलीस १७० ओढूनताणून लावतात किंवा "सकाळी या" म्हणतात.

जे आहे ते सांगते. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत घटना अहवाल, कलम १२ चा अर्ज, सोबत कलम २३ खाली तातडीच्या अंतरिम आदेशाची मागणी. ती वेगळी आणि ठळक लिहा, नाहीतर अर्ज साध्या तारखांच्या ढिगात जातो. कलम १९ खाली कोर्ट नवऱ्याला किंवा मुलाला घराबाहेर राहायला सांगू शकतं. कलम १८ चा संरक्षण आदेश हाती आल्यावर तो मोडला की कलम ३१: दखलपात्र, अजामीनपात्र, एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे तोच आरडाओरडा, तेच घर, पण आदेशानंतर अटक करता येते. आदेशाची प्रत ठाण्यात जमा करून पोच घ्या आणि फोटो मोबाईलमध्ये ठेवा. रात्री गाडीवर येणाऱ्या अंमलदाराला कोर्टाची फाईल दिसत नसते.

न्यायसंहितेचं कलम ८५ (जुनं ४९८अ, नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेला छळ) वेगळं. तीन वर्षांपर्यंतची शिक्षा असल्याने सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालानंतर सहसा थेट अटक होत नाही, आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५(३) ची (जुनं ४१अ) हजर राहण्याची नोटीस निघते. नोटीस निघाली म्हणजे पोलीस फितूर झाले असं समजू नका.

वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालय, मराठवाडा

रात्री दोनला "दारू पिऊन गोंधळ" म्हणून आणलेल्या माणसाबद्दल तीन गोष्टी.

एक: बरळणं, तोल जाणं आणि अंगावर येणं हे साखर उतरल्यावरही होतं, डोक्याला मार लागल्यावरही. तोंडाला वास आहे म्हणून बाकीचं सुटत नाही. ग्लुकोमीटरला मिनिट लागत नाही, डोक्यावरून हात फिरवून सूज चाचपायला तेवढाच वेळ. "नशेत आहे, झोपला की उतरेल" म्हणून लॉकअपमध्ये आडवा केलेला माणूस सकाळी उठत नाही, त्यामागे बऱ्याचदा यातलंच काही निघतं.

दोन: रोज पिणारा एकदम बंद झाला की सहा ते अठ्ठेचाळीस तासांत झटके येऊ शकतात, दोन-तीन दिवसांनी भ्रम आणि थरथर. अटक केलीत तर "शेवटची कधी प्यायला" हे नातेवाइकांना विचारून कागदावर घ्या. रक्ताचा नमुना ५ मिली, आणि कातडी स्पिरिटने पुसायची नाही. ही चूक अजून होते आणि बचावाचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो.

तीन: दारू नाहीच, आजार आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम १००. आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका वाटत असेल तर पोलिसांनी संरक्षणात घेऊन २४ तासांत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं. लॉकअप किंवा तुरुंगात ठेवायचं नाही, असं कायद्यात लिहिलेलं आहे. घरच्यांनी जुनी चिठ्ठी आणि गोळ्यांची पाकिटं पोलिसांच्या हातात द्यावीत. तोंडी "त्याचं डोकं फिरलंय" म्हटलं की ते शिवी म्हणून ऐकलं जातं.

गृहनिर्माण संस्थेचा सचिव, ठाणे

कमिटीला अटक करवण्याचा काही अधिकार नाही हे आधी सभासदांना सांगावं लागतं. आवाजाची तक्रार असेल तर ध्वनी नियम २०००: निवासी भागात दिवसा ५५, रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल. घरातली म्युझिक सिस्टीम हद्दीवर यापेक्षा ५ डेसिबलहून जास्त चढता कामा नये. मोबाईलवरच्या ॲपचा आकडा पुरावा म्हणून टिकत नाही, पण पोलिसाला यायला लावतो.

कॉल करताना "भांडण चाललंय" एवढंच सांगू नका. विंग, मजला, फ्लॅट, लिफ्ट चालू आहे का, मूल रडतंय का, "वाचवा" ऐकू आलं का. वॉचमनला गेटवर उभं करा. जिन्यातलं सीसीटीव्ही फुटेज डीव्हीआर स्वतःच पुसतो, त्याच आठवड्यात काढून ठेवा. आणि दाराबाहेर वीस जण मोबाईल धरून उभे राहू नका. तुम्हीच घरातलं भांडण "सार्वजनिक" करून देता.

संगणक अभियंता, बॉस्टनजवळ

शेवटच्या वाक्यावरून लिहितो. इथे हा प्रश्न एका घटनेने जगभर गेला. १६ जुलै २००९, केम्ब्रिज, मॅसॅच्युसेट्स. हार्वर्डचे प्राध्यापक हेन्री लुई गेट्स प्रवासाहून आले, दार अडकलं होतं म्हणून जोर लावला, घरफोडीचा फोन गेला. ओळखपत्र दाखवून घर त्यांचंच आहे हे कळल्यावरही वाद वाढला आणि बेशिस्त वर्तनासाठी त्यांना स्वतःच्याच ओसरीवर बेड्या पडल्या. २१ जुलैला आरोप मागे घेतला. ३० तारखेला राष्ट्राध्यक्ष ओबामांनी गेट्स आणि अटक करणारा पोलीस या दोघांना व्हाइट हाऊसवर बिअरला बोलावलं.

मुद्दा ओसरीचा आहे. या राज्यात त्या गुन्ह्याला लोकांवर परिणाम हा घटक लागतो. आतल्या खोलीत ओरडणं त्यात बसत नाही. पोलिसाने बाहेर बोलायला बोलावलं, रस्त्यावर लोक थांबले, आणि तो घटक तयार झाला. पुढे शहराने नेमलेल्या समितीने २०१० च्या अहवालात दोन्ही बाजूंनी प्रकरण शांत करण्याच्या संधी घालवल्या असं म्हटलं. म्हणून इथल्या आपल्या लोकांना सांगणं एवढंच: उंबऱ्याच्या आतून, हात दिसतील असे ठेवून, हळू बोला. आरोप मागे घेतला तरी पुढच्या व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात "कधी अटक झाली का" याचं उत्तर "हो" असंच द्यावं लागतं.

मात्र कौटुंबिक मारहाण इथे वेगळी धरतात. राज्याच्या कायद्यातल्या २०९ए चा, म्हणजे घरगुती हिंसेविरुद्धचा, संरक्षण आदेश मोडला तर पोलिसांना अटक करावीच लागते, मर्जीचा प्रश्न नाही.

सॉलिसिटर, लेस्टर

इंग्लंडमध्ये हे बरंच नीट लिहिलेलं आहे. पब्लिक ऑर्डर ॲक्ट १९८६, कलम ५: बोलणारा घरात आणि ऐकणाराही त्याच किंवा दुसऱ्या घरात असेल तर गुन्हा नाही. पण "शांतता भंग" ही जुनी रूढ सत्ता घरातही चालते. मारहाण झाली किंवा होईल अशी खरी भीती असली तर पोलीस आत येऊन धरतात. तो गुन्हा नव्हे, त्यामुळे शिक्षा नाही, बाँड आहे.

मुंबईच्या ताईंनी मागितलेली "आजची रात्र" इथे आहे. २०१४ पासून इंग्लंड-वेल्सभर लागू झालेली नोटीस. अधीक्षक दर्जाचा अधिकारी ती काढतो, माणसाला आरोपाशिवाय घराबाहेर काढतो, ४८ तासांत प्रकरण कोर्टासमोर जातं आणि कोर्ट १४ ते २८ दिवसांचा आदेश देऊ शकतं. पहिल्या रात्री त्याने कुठे झोपायचं हे कोणी लिहीत नाही, आणि गाडीत किंवा मित्राकडे पिऊन तो परत दारात येतो. तिथे फसतं.

विशेष कक्षातील समुपदेशक, मुंबई

आपल्याकडे हेच हवं. अटक नको, काढणं हवं.

निवृत्त ठाणे अंमलदार, सोलापूर जिल्हा

ताई, काढला तर तो चौकातल्या पारावर बसतो. तिथे मात्र ११० लागतं.

पोरगाच त्रास देत असेल तर आई-वडिलांनी काय करावं, असंही लोक विचारतात. त्यांच्यासाठी: पोराने दारू पिऊन धिंगाणा घातला तर एनसी घ्या, दुसऱ्यांदा घ्या आणि दोन्ही नकला जोडून चॅप्टरसाठी अर्ज द्या. आई एकटी कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली जाऊ शकते. वडिलांना तो लागू नाही, त्यांनी २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणात जावं. घर त्यांच्या नावावर असेल तर सातबारा किंवा मिळकत पत्रिकेचा उतारा सोबत न्या. सूनबाई त्याच घरात राहत असेल तर तिचा राहण्याचा हक्क वेगळा बघितला जातो, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं सांगितलंय.

आणि कोणालाही अटक झालीच तर तीन कागद मागा: अटकेची कारणं लेखी, अटक मेमोवर घरच्याची किंवा गल्लीतल्या एका प्रतिष्ठिताची सही, आणि मेडिकल. बाईला सूर्यास्तानंतर अपवाद वगळता नेता येत नाही. तो अपवादसुद्धा महिला अधिकाऱ्याने लेखी मांडून मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घेतली तरच. साठीवरच्या माणसाला तीन वर्षांखालच्या गुन्ह्यात उपअधीक्षकाच्या परवानगीशिवाय धरता येत नाही, ३५(७). हे नवीन आहे, आमच्याच पोरांना अजून पाठ नाही.