चमचा कोणाचा आहे?

बी-४०४ ताई: सर्वांना नमस्कार. रविवारी आपल्या सोसायटीने दिलेल्या वस्तूंचे तीन बॉक्स फूड पँट्रीत, म्हणजे गरजूंना शिधा फुकट मिळतो त्या केंद्रात, नेले. स्पष्ट लिहितेय, राग मानू नका. त्यातला जवळजवळ अर्धा माल तिथल्या तिथे कचऱ्यात गेला. मुदत संपलेली पाकिटं, फोडून रबरबँड लावलेल्या पिशव्या, लेबल नसलेल्या बरण्या. एका पिठाच्या पिशवीला तर जाळी लागली होती आणि आत चमचा निघाला. स्टीलचा, दांड्यावर फुलाची नक्षी.

सी-१०२: नवा बॉक्स सी विंगच्या लिफ्टसमोर ठेवला आहे. कृपया हलवा.

ए-५०३: चमचा कोणाचा आहे?

ए-२०१ काका: धर्माची गाय आणि दात का नाय! लोक मनापासून देतात. देणाऱ्याला अशी नावं ठेवलीत तर पुढच्या वेळी कोणी काही देणार नाही.

बी-४०४ ताई: काका, मी नाव कोणाचंच घेतलेलं नाही. पण घरातला कचरा टाकायचं काम शेवटी कोण करतं? तिथले आम्ही सहाजण. तीन तासांतला दीड तास पाकिटांवरच्या तारखा वाचण्यात गेला. बाहेर माणसं रांगेत उभी होती हो.

बी-३०१ वहिनी: मी दिलेलं सगळं सीलबंद होतं. आधीच सांगून ठेवते.

ए-५०३: वहिनी, फुलाच्या नक्षीचे चमचे तुमच्याकडे पाहिल्यासारखे वाटतात…

बी-३०१ वहिनी: आमचे सहाच्या सहा आहेत. या आणि मोजून जा.

सचिव: सर्वांनी संयमाने चर्चा करावी, ही विनंती 🙏

सी-१०२: लिफ्टसमोरचा बॉक्स.

बी-३०१ वहिनी: आणि तारीख उलटली की त्याचं लगेच विष होतं का? आम्ही घरी वापरतोच की.

बी-४०४ ताई: वहिनी, तुमचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. तारखा दोन प्रकारच्या असतात. ‘बेस्ट बिफोर’ ही चवीची, कुरकुरीतपणाची तारीख. ती उलटलेल्या सुक्या वस्तू काही पँट्री थोडे दिवस चालवून घेतात, काही अजिबात घेत नाहीत. ‘यूज बाय’ मात्र सुरक्षिततेची. ती गेली की विषय संपला. बाळाच्या दुधाच्या पावडरीला तर एक दिवसाचीही सूट नाही. फुगलेला डबा दिसला तर उघडूनही बघू नका, आत जंतूंनी गॅस केलेला असू शकतो. बोट्युलिझमची विषबाधा जिवावर बेतते.

बी-३०१ वहिनी: आणि बरण्या? काचेच्या, स्वच्छ धुतलेल्या होत्या.

ए-५०३: म्हणजे बरण्या तुमच्या 😄

बी-४०४ ताई: स्वच्छ होत्या वहिनी, खरंच. पण आत काय आहे, कधी भरलंय, हे लेबलाशिवाय कळत नाही. घेणाऱ्याच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी असली तर? तेवढ्यासाठी मूळ पाकीटच लागतं, न फोडलेलं.

ए-५०३: बरं ताई, शनिवारी आमच्याकडे चाळीस माणसं आहेत जेवायला. उरलं तर पाठवू?

बी-४०४ ताई: असं नको. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मधे राहिलं की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेलं कोणाला द्यायचं नाही. आमच्या पँट्रीत शीतकपाट एकच आहे, तेही भरलेलं. शिजवलेलं घेणाऱ्या संस्था वेगळ्या असतात, त्यांना आदल्या दिवशी फोन करावा लागतो. मी क्रमांक पाठवते तुला.

खजिनदार: मी मागेही लिहिलं होतं, परत लिहितो. वस्तूंपेक्षा पैसे द्यावेत. पँट्री ठोकात घेते, आपण किरकोळीत. तेवढ्याच पैशात जास्त घरांना पुरतं.

बी-३०१ वहिनी: पैशांचा हिशोब कोण देणार? आमच्या लिफ्टच्या दुरुस्तीचाच अजून आलेला नाही.

खजिनदार: तो वार्षिक सभेत वाचून दाखवला आहे. आपण त्या दिवशी आला नव्हतात.

बी-३०१ वहिनी: नोटीस दोन दिवस आधी लावलीत, येणार कशी?

सचिव: लिफ्टचा विषय स्वतंत्र घेऊ.

सी-१०२: लिफ्टचा विषय निघालाच आहे तर, बॉक्स अजून तिथेच आहे.

ए-४०२ बाई: मी शाळेत मुलांना हे शिकवते म्हणून लिहिते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाचा २०२४ चा अहवाल आहे. २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं ६० टक्के आपल्यासारख्या घरांतून. फूड बँकेची कल्पनाही अशा वाया जाणाऱ्या अन्नातूनच निघाली. अमेरिकेत फिनिक्सला जॉन व्हॅन हेंगेल यांनी १९६७ मध्ये पहिली सुरू केली. फूड बँक म्हणजे मोठं गोदाम. तिथून माल पँट्रीत येतो आणि पँट्रीतून घरोघरी. खजिनदारांचं म्हणणं म्हणूनच पटतं.

ए-२०१ काका: पैसे दिले की माणूस मोकळा होतो. मुलांनी हाताने काही द्यायला नको का? आणि पुन्हा सांगतो, देणाऱ्याला नावं ठेवू नयेत.

बी-४०४ ताई: हाताने द्यावंच, काका. फक्त आधी विचारून. आत्ता तिथे तेल आणि डाळ संपलीय. साबण, पॅड, डायपर तर कोणी आणतच नाही. आणि आता बांधून ठेवलेली पिशवी हातात देत नाहीत, फळीवरून ज्याचं तो निवडतो. कोणाला मधुमेह असतो, कोणाच्या खोलीवर शेगडीच नसते. परवा एका आजींनी तेलाची पिशवी दोनदा उचलून परत ठेवली. म्हणाल्या, मागे कोणाला लागेल. मी ती त्यांच्या पिशवीत घातली तेव्हा माझाच हात थरथरत होता.

ए-४०२ बाई: 🙏

बी-४०४ ताई: आणि वहिनी, हेही इथेच लिहिते, मनात ठेवून उपयोग नाही. मागच्या महिन्यात तुम्ही रांगेचे फोटो ग्रुपवर टाकलेत. त्यात चेहरे दिसतायत. त्यातल्या एका बाईंनी मला विचारलं, “ताई, हे फोटो कुठे जातात?” मला उत्तर देता आलं नाही.

बी-३०१ वहिनी: मी सोसायटीचं नाव व्हावं म्हणून टाकले होते. एवढं सगळ्यांसमोर बोलायची गरज नव्हती.

बी-३०१ वहिनी: पुसलेत सगळे. ज्यांनी पुढे पाठवले असतील त्यांनीही पुसा.

बी-४०४ ताई: वहिनी, मनापासून आभार. तुमच्या बरण्या मी परत आणल्यात, घरी आहेत.

सचिव: येत्या रविवारी पँट्रीत कोण जाणार? नावं द्यावीत.

ए-५०३: मी येईन, नऊनंतर चालेल ना?

बी-४०४ ताई: आठला. माल नऊला वाटायचा असतो. आणि एकदाच येऊन फोटो काढून जाऊ नकोस रे. सणाला वीसजण येतात आणि पुढच्या महिन्यात आम्ही तिघंच गोण्या ओढतो. महिन्यातला एकच रविवार दे, पण ठरलेला. त्यावर पँट्रीवाल्यांना कामं लावता येतात.

ए-५०३: बरं. पहिला रविवार माझा. लिहून ठेवा.

ए-४०२ बाई: तिसरा मी.

खजिनदार: मी मालाची वही ठेवीन. जुन्या तारखेचं पुढे, नव्याचं मागे, एवढं मला जमतं.

सी-१०२: बॉक्स.

ए-२०१ काका: चमचा आमचा आहे.

ए-२०१ काका: ही दोन महिने लेकीकडे गेलीय. फोनवर म्हणाली, कपाट रिकामं करा. मी केलं. पिशव्या उघडून बघितल्या नाहीत. तो तिच्या माहेरचा सेट आहे, परत आल्यावर पहिला तोच मोजेल.

बी-४०४ ताई: काका, गरम पाण्याने धुऊन ठेवलाय. संध्याकाळी आणून देते.

ए-२०१ काका: तू नको येऊस, मीच येतो. आणि मुदतीचं ते जरा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दे. कपाटात अजून एक खण आहे.

सी-१०२: बॉक्स मी सरकवायला गेलो होतो. जड आहे, एकट्याने उचलत नाही. कोणीतरी खाली या.

ए-५०३: आलो.