भाडोत्री सैनिकांच्या या सिनेमाचं नाव सांगाल का?

मंडळी, एका सिनेमाचं नाव काही केल्या आठवत नाहीये. लहानपणी टीव्हीवर पाहिला होता, तोही अर्ध्यातून.

आफ्रिकेतला कुठलासा देश. कैदेतल्या एका नेत्याला सोडवायला भाडोत्री सैनिक रात्री पॅराशूटने उतरतात. म्होरके सगळे पन्नाशीकडे झुकलेले. एकाकडे क्रॉसबो, बाणांना विष. नेता हाती लागतो, पण न्यायला आलेलं विमान यांना न घेताच निघून जातं! पैसे मोजून पाठवणाऱ्यानेच परस्पर सौदा केलेला असतो.

मग एक जुनाट डाकोटा मिळतं. ते धावपट्टीवर धावू लागलंय, एक जण पायात गोळी लागून मागे राहिलाय, पाठलाग करणारे जवळ आलेत. जिवंत सापडण्यापेक्षा तूच गोळी घाल, असं तो विमानाच्या दारातल्या मित्राला ओरडून सांगतो. आणि मित्र घालतो. तो चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

शेवटी हाच मित्र एका शाळकरी मुलाला भेटायला जातो. तो मुलगा कोण? सुरुवात हुकल्यामुळे कळलंच नाही.

(स्टॅलोनवाला सुचवू नका. 'द डॉग्ज ऑफ वॉर' पण नाही, तो पुन्हा पाहिला.)

प्रतिसाद १
'द वाइल्ड गीज', 1978. क्रॉसबोवाला हार्डी क्रूगर, मागे राहिलेला रिचर्ड हॅरिस, दारातला रिचर्ड बर्टन. शिवाय रॉजर मूर.

प्रतिसाद २
याचा तांत्रिक सल्लागार खराखुरा भाडोत्री होता. माइक होअर, 1964 मध्ये काँगोत लढलेला. सिनेमानंतर तीनच वर्षांनी, 1981 मध्ये, हा गडी सेशेल्सचं सरकार उलथवायला निघाला. सोंग काय, तर बिअर पिणाऱ्यांच्या क्लबची सहल! कस्टम्समध्ये एकाच्या बॅगेत रायफल सापडली आणि विमानतळावरच गोळीबार सुरू झाला. शेवटी तिथे उतरलेलं एअर इंडियाचं विमान पळवून मंडळी डर्बनला पोचली. होअरला दहा वर्षांची शिक्षा झाली. पटकथेत घातलं असतं तर कुणी खपवून घेतलं नसतं.

धागाकर्ता
हाच, हाच! मूर त्यात होता हे साफ विसरलो होतो. होअरची भानगड भन्नाट आहे. पण तो मुलगा?

प्रतिसाद १
हॅरिसचा. सुट्टीत बाप त्याला फिरायला नेणार असतो, या मोहिमेपायी ते रद्द करतो. तुमचं नेमकं तेच हुकलंय.

धागाकर्ता
अरे देवा. म्हणजे ज्याला गोळी घातली, त्याच्याच पोरासमोर जाऊन उभा राहतो. आज रात्री पहिल्यापासून बघतो.