प्रदर्शनासाठी खऱ्या मापाची कासवं: शाडू की कागद, आणि नेमकी कुठली कासवं?

पेठेतला_ब्रश (प्रश्न)

नमस्कार मंडळी. 1 ते 7 ऑक्टोबरच्या वन्यजीव सप्ताहात नववीची मुलं कासवांचं प्रदर्शन मांडणार आहेत. तीन प्रतिकृती करायच्या आहेत: एक देवळातलं दगडी कासव, एक आपल्याकडच्या तळ्या-नदीतलं आणि एक कोकण किनाऱ्यावरचं ऑलिव्ह रिडले. नमुना म्हणून शाडूची पाठ उपड्या घमेल्यावर थापली, तर दुसऱ्या दिवशी माथ्यापासून कडेपर्यंत चार तडे. काय चुकलं? तिन्ही कासवांना तेच षटकोनी नक्षीचं कवच चालेल का, म्हणजे एकाच साच्यात काम भागेल? शिवाय एका पालकांच्या घरी जुनं खरं कवच आहे, ते मांडायला देतो म्हणतात. घ्यावं का?

गंगावेस_माती

तड्यांचं आधी सांगतो. शाडू वाळताना आक्रसते. खाली घमेलं टणक, ते काही आक्रसत नाही. मग माती त्याच्यावर ताणली जाते आणि माथ्यावर फाटते. यात मातीचा दोष नाही, वेळेचा आहे. घमेल्यावर ओल्या वर्तमानपत्राचे दोन थर द्या, माती थापा, आणि ती चामड्यासारखी झाली की, म्हणजे बोट दाबलं तर ठसा उमटतो पण चिकटत नाही, तेव्हाच उचलून घ्या. उचललेली पाठ कोरड्या भुश्शाच्या ढिगावर ठेवा. भुस्सा दबतो, त्यामुळे मातीला आक्रसायला जागा मिळते.

माती मळताना बारीक कातरलेला काथ्या घाला, बोटाच्या पेरापेक्षा लांब नको. जाडी सगळीकडे दीड सेंटीमीटर. मधे अडीच आणि कडेला अर्धा असं झालं की कड आधी वाळते, वर वळते आणि तिथूनच चीर सुरू होते. म्हणून कडेवर ओलं फडकं आणि वर प्लास्टिक, माथा मात्र उघडा. वाळवण सावलीत. सप्टेंबरातली आपली हवा बघता दहा-बारा दिवस धरा. पंखा लावायचा मोह टाळा.

ऑलिव्ह रिडले मात्र शाडूत करू नका. खऱ्या मापाला पाठ 65 सेंटीमीटर लांब, रुंदीही जवळजवळ तेवढीच. नुसत्या पाठीलाच दहा किलो ओली माती लागेल, आणि पुढचे वल्ह्यासारखे पाय अधांतरी राहतात, ते खांद्यातून तुटणारच. ते कागदाचं करा. ओल्या वाळूचा ढीग, त्यावर प्लास्टिक, त्यावर कागदाचे आठ थर. एक थर छापील कागदाचा, पुढचा कोऱ्या कागदाचा, म्हणजे कुठे थर राहिला ते दिसतं. खळीला एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी. दिवसाला दोनच थर. घाईने चार चढवले की आतली खळ आंबते आणि वर्गभर वास सुटतो. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, पण ते विषारी आहे, मुलांच्या हातात देऊ नका.

कृष्णाकाठ

वरच्या पोस्टला दंडवत. आता साच्याबद्दल: एकच साचा अजिबात नको. आपल्या डोक्यात कासव म्हणजे घुमट आणि त्यावर षटकोनं. ते चित्र जमिनीवरच्या कासवाचं. तळ्यातलं नेहमीचं मऊ पाठीचं कासव त्यात बसत नाही. त्याच्या पाठीवर खवलेच नसतात, गुळगुळीत कातडी असते. लांबी 25 सेंटीमीटरच्या आसपास, रंग शेवाळी-तपकिरी. मान ताणली की चकित व्हाल इतकी लांब. नाकाचं टोक छोट्या नळीसारखं, कारण अंग पाण्याखाली ठेवून तेवढंच वर काढून श्वास घ्यायचा असतो. प्रत्येक पायाला तीन नख्या. आणि खरी खूण पोटाकडे आहे: मागच्या पायांशी कातडीच्या दोन झडपा असतात, पाय आत घेतले की त्या बंद होतात. प्रतिकृती थोडी कलती ठेवा आणि खाली आरसा लावा, नाहीतर ही झडप कुणाला दिसायचीच नाही.

कृष्णेच्या खोऱ्यात याचंच मोठं भावंड आहे, लीथचं मऊ पाठीचं कासव. हे फक्त भारतीय द्वीपकल्पातल्या नद्यांत सापडतं आणि धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त आहे. त्याच्या पिलांच्या पाठीवर डोळ्यांसारखे गोल ठिपके असतात. रंगवायला मजा येईल.

ऑलिव्ह रिडलेला खवले आहेत, पण मोजून काढा. मधल्या ओळीच्या दोन्ही बाजूंना इतर बहुतेक कासवांना चार-चार मोठे खवले असतात, रिडलेला बहुधा सहा ते नऊ. बरेचदा डावीकडे सहा आणि उजवीकडे सात. हात सवयीने दोन्ही बाजू सारख्या काढायला जातो, तिथे आवरा. खवले शेजारी-शेजारी बसतात, कौलांसारखे एकावर एक चढत नाहीत. तसे चढलेले दिसले तर ते हॉक्सबिल, म्हणजे दुसरं समुद्री कासव. पुठ्ठ्याचे खवले कापून मधे दोन मिलिमीटर फट ठेवा आणि वरून पातळ कागद चिकटवा, खाच आपोआप उमटते. डोकं आणि पाय बाहेरच ठेवा. समुद्री कासवाला ते कवचात ओढून घेताच येत नाहीत. पाठ करडी-हिरवट, पोट पिवळसर. पिल्लू काळपट आणि जेमतेम चार सेंटीमीटर.

हा किस पाडण्याचं कारण आहे. लोक कासव दिसलं की पुण्य म्हणून पाण्यात सोडतात. चांदणीसारख्या नक्षीचं स्टार कासव कोरड्या माळावरचं. त्याचे पाय हत्तीसारखे खांबी, बोटांत पडदा नाही. खोल पाण्यात सोडलं की ते बुडून मरतं. उलट डोळ्यामागे लाल पट्टी असलेलं, दुकानातून आणलेलं परदेशी कासव रंकाळा तलावात सोडलं की ते तगतं आणि इथल्या कासवांच्या खाण्यावर, उन्हाला बसायच्या जागांवर हक्क सांगतं. विकताना ते रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं असतं, पुढे ताटाएवढं होतं आणि वीस-तीस वर्षं जगतं. पाय खांबी की पडदा असलेले, एवढं जरी पोरांना ओळखता आलं तरी प्रदर्शन वसूल.

पेठेतला_ब्रश

म्हणजे तीन साचे. बरं. देवळातलं कासव मग षटकोनीच ठेवू ना? आणि कवचाचं राहिलं.

गुजरीकर

देवळातलं षटकोनीच ठेवा, तो कूर्म आहे, प्राणिशास्त्राचा तक्ता नव्हे. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात कासव चौकच आहे, किरणोत्सवात मावळतीची किरणं देवळात कुठवर आली ते सांगताना रोज त्याचं नाव निघतं. शेजारी कोल्हापुरी साजाचं मोठं चित्र लावा. त्याच्या पानांत मासा, शंख, भुंगा यांच्याबरोबर कासवही असतं. बाया गळ्यात कासव घालतात हे निम्म्या पोरांच्या लक्षातच आलेलं नसतं.

कृष्णाकाठ

कवच घेऊ नका. मऊ पाठीचं, लीथचं, स्टार आणि रिडले ही चारही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. स्टार आणि लीथचं आधी चौथ्या अनुसूचीत होती, 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या 2022 च्या दुरुस्तीने ती पहिल्यात आली. मालकीचा दाखला नसेल तर नुसतं जवळ ठेवणं हाही गुन्हा, शिक्षा तीन ते सात वर्षं. "आजोबांच्या वेळचं आहे" हे चालत नाही. पालकांना वनविभागाशी बोलायला सांगा, 1926 वर फोन लागतो. टाकीत जिवंत कासव ठेवायची कल्पना कुणी काढली तर तीही इथेच मोडा.

त्याऐवजी घरट्याचा छेद करा. काचेच्या पेटीत वाळू, त्यात 45 सेंटीमीटर खोल, तोंडाशी अरुंद आणि तळाशी फुगीर असा खड्डा. अंड्यांसाठी टेबल टेनिसचे चेंडू घ्या, 40 मिलिमीटरचे, माप अगदी जुळतं. शंभरेक लागतील, पण काचेला लागून दिसणारे तीस पुरे, मागे वाळू भरा. चकाकी मारायला पांढऱ्या खडूची पूड चोळा. एक-दोन चेंडूंना अंगठ्याने पोचा द्या, कारण खरी अंडी कोंबडीच्या अंड्यासारखी कडक नसतात. पाटीवर लिहा: पिल्लं 45 ते 60 दिवसांत बाहेर येतात, वाळू जास्त तापली तर माद्या अधिक. कोकणातल्या वेळासला अंडी संरक्षित जागी हलवतात, पण घातल्यावर काही तासांतच. नंतर गर्भ अंड्याच्या कवचाला चिकटतो, आणि अंडं उलटंपालटं झालं तर तो मरतो.

पेठेतला_ब्रश

ठरलं. प्रदर्शन झाल्यावर शाडूची कासवं रंकाळ्यात विसर्जित करूया, असं पोरं म्हणतायत.

गंगावेस_माती

कशाला? घमेल्यात पाणी घ्या, कासव बुडवून ठेवा, एका रात्रीत विरघळतं. वरचं पाणी बागेला, काथ्या चाळून बाजूला, माती पुढच्या वर्षीला. फक्त तेलरंग लावू नका. त्याचा पापुद्रा पाणी आत जाऊ देत नाही आणि मातीत तुकडे राहतात. गेरू, काव, काजळी, डिंकाच्या पाण्यात कालवून. मऊ पाठीच्या कासवाला एवढेच रंग लागतात.