मदत हवी आहे: गुहागरच्या घराचं छप्पर बदलायचंय

आम्ही पुण्यात राहतो. गुहागरचं जांभ्याचं घर बरेच महिने बंद असतं. मंगलोरी कौलांखालचे वासे-रिपा वाळवीने पोखरलेत, वळचणीकडचे तर हाताने भुगा होतात. तिथला कंत्राटदार सरळ पत्रे घाला म्हणतो. पण खाऱ्या वाऱ्यात साधे जस्ताचे पत्रे, त्याहून आधी त्यांचे स्क्रू, गंजतात. शिवाय मे महिन्यात आई त्या पत्र्याखाली कशी राहणार?

माझा कल लोखंडी सांगाड्यावर जुनीच कौलं पुन्हा चढवण्याकडे आहे. सांगाडा गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेला) घ्यावा की एपॉक्सी रंग पुरेल? समुद्राजवळ कोणी असं केलं असल्यास, वेल्डिंगचे सांधे कसे टिकले? जूनआधी काम उरकायचंय. गुहागर-चिपळूणकडचा जाणता सुतार माहीत असेल तर जरूर सांगा.