फुटबॉलमध्ये बॉल एकाच साइडला अडकतो, पोरांना साइड बदलायला (बॉल पलीकडच्या मोकळ्या बाजूला न्यायला) कसं शिकवू?

१२ वर्षांखालची पोरं आहेत, बॉल उजवीकडे गेला की सगळे तिकडेच गोळा होतात आणि डावा विंगर (कडेने खेळणारा) लाईनजवळ हात वर करून एकटाच उभा, कोणी बघतच नाही. ओरडून घसा बसला.

↳ ओरडू नका दादा, खेळच तसा लावा. रुंद मैदान आणि ४ छोटे गोल, प्रत्येक टीमला दोन कोपऱ्यांत दोन. एका गोलकडे वाट अडली की पोरं आपोआप दुसरीकडे बघतात.

↳ लांब किकच्या मागे लागू नका, बॉल हवेत असेपर्यंत समोरचे सरकून येतात. मागे डिफेंडरकडे, तिथून पलीकडे, जमिनीलगत जोरात २-३ पास. आणि बॉल यायच्या आधीच खांद्यावरून बघायचं, पहिला टच लांबच्या पायाने (बॉल येतो त्या बाजूपासून दूरच्या), म्हणजे अंग आधीच पलीकडे वळलेलं असतं.

↳ लांबच्या पायाचं आमच्याकडे कोणीच करत नाही, उद्याच घेतो.