श्रीलंकेच्या नौदलाला मिळालेली जुनी जहाजं: फायद्याची की गळ्यातलं लोढणं?

डोलकाठी:
श्रीलंकेच्या नौदलातल्या मोठ्या जहाजांची जन्मपत्रिका पाहा. 'गजबाहू' हे अमेरिकी तटरक्षक दलाचं 'शर्मन', १९६८ पासून सेवेत. 'विजयबाहू' हे त्याच जातीचं 'डग्लस मन्रो', १९७१ चं. ही दोन श्रीलंकेला २०१८ आणि २०२१ मध्ये मिळाली. 'समुदुरा' अमेरिकेचंच, २००४ मध्ये मिळालेलं. 'सयुरा' म्हणजे आपली 'सरयू', 'सागर' म्हणजे आपल्या तटरक्षक दलाची 'वराह'. 'पराक्रमबाहू' ही चिनी फ्रिगेट, २०१९ मध्ये आली. कोरी करकरीत बांधून घेतलेली दोनच: 'सयुराला' आणि 'सिंदुराला', २०१७-१८ मध्ये वास्कोच्या गोवा शिपयार्डमधून.

माझं मत: यापुढे फुकटचं जहाज घेऊ नये. जहाज फुकट मिळतं, गॅस्केट (सांध्यातली गळती रोखणारी चकती) मिळत नाही. इथे तर तीन देशांची यंत्रसामग्री एकाच भांडारात. अमेरिकी जहाजावर इंची आटे, बाकीच्यांवर मिलिमीटरचे. म्हणजे पान्ह्यांपासून बोल्टांपर्यंत सगळं दुहेरी. इंजिनांचं तर विचारूच नका.

मतलई:
असहमत. एप्रिल २०२२ मध्ये ज्या देशाने परदेशी कर्जफेड थांबवली, त्याला नव्या जहाजासाठी कर्ज कोण देणार? आणि समुद्र केवढा? अनन्य आर्थिक क्षेत्र (मासेमारी-खनिजांचा हक्क असलेला समुद्र) सुमारे ५,१७,००० चौरस किमी, शोध आणि बचावाची जबाबदारी त्याच्या तिप्पट पाण्यावर. दक्षिणेला हेरॉइन घेऊन येणारे ट्रॉलर किनाऱ्यापासून शेकडो मैलांवर पकडावे लागतात. तिथे पाहिजे पल्ला. 'गजबाहू' ११५ मीटर लांब आहे, नुसत्या डिझेलवर सावकाश गेलं तर पल्ला १४,००० सागरी मैलांच्या घरात. बेरिंग समुद्रात गस्त घातलेला सांगाडा आहे तो, नैर्ऋत्य मोसमीतल्या लाटांना भीक घालत नाही.

राहिला इंधनाचा प्रश्न. 'गजबाहू'वर डिझेल इंजिनंही आहेत आणि गॅस टर्बाइनही; टर्बाइन बंद ठेवा. १८,००० अश्वशक्तीचं एक टर्बाइन पूर्ण भारावर ढोबळमानाने तासाला चार टन तेल पितं. ३,५०० अश्वशक्तीचं डिझेल अर्ध्या टनाच्या आसपास. डिझेलवर सोळा-सतरा नॉटने (ताशी सागरी मैल) गस्त छान होते.

डोलकाठी:
"बंद ठेवा" हे बोलायला सोपं. पडून राहिलेल्या टर्बाइनच्या पात्यांवर खारी हवा बसते, धुवावं लागतं, ठरावीक दिवसांनी फिरवावं लागतं. नाही फिरवलं तर गरज लागेल त्या दिवशी ते उठणार नाही. शिवाय हे एफटी४ जातीचं टर्बाइन बोइंग ७०७ च्या काळातल्या जेट इंजिनावरून बनवलेलं आहे.

डिझेलही साधं नाही. फेअरबँक्स-मोर्सचं समोरासमोर पिस्टनवालं इंजिन: बारा सिलिंडर, चोवीस पिस्टन, एक क्रँकशाफ्ट (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) खाली आणि एक वर. एक लायनर (सिलिंडरचं आतलं नळकांडं) काढायचा झाला तरी आधी वरचा क्रँकशाफ्ट उचलावा लागतो. हे काम हाताला बसलेला कारागीर तयार व्हायला वर्षं जातात.

आणि सांगाडा भक्कम म्हणता, तर वरचा भाग बघा. खाली पोलाद, वर ॲल्युमिनियम. जिथे हे दोन जुळतात तिथे रंग सुटला आणि खारं पाणी शिरलं की ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखं झडतं. बाहेरून नवा रंग, आत भोकं. खाली इंजिनखोलीच्या बिल्जमध्ये, म्हणजे पाणी साचतं त्या तळाच्या जागेत, तीच गत. सर्वसाधारण दंडक असा, की पत्र्याची पाव जाडी गेली की पत्रा बदला. आठ मिलिमीटरचा सहावर आला की संपलं. अल्ट्रासोनिक गेज (ध्वनिलहरींनी जाडी मोजणारं उपकरण) लावल्याशिवाय हे कळत नाही आणि फरशीखाली, टाक्यांमागे गेज लावायला कुणी जात नाही.

सुकाणू:
दोघंही जहाजाबद्दलच भांडताय, नौदलाच्या तळाचं काय? त्रिंकोमाली हे जगातल्या उत्तम नैसर्गिक बंदरांपैकी एक. खोल, वाऱ्यापासून आडोसा. ब्रिटिशांनी १९५७ पर्यंत तळ ठेवला तो उगाच नाही. पण मोठ्या जहाजांची सुकी गोदी (पाणी उपसून जहाज दुरुस्त करायची जागा) आहे कोलंबोत, तीही नागरी कंपनीची. कोलंबो डॉकयार्डच्या चार गोद्या. तिथे व्यापारी जहाजं रोख पैसे देऊन रांगेत असतात. (२०२५ मध्ये या कंपनीतला मोठा हिस्सा घेण्याचा करार माझगाव डॉकने जाहीर केला. मुंबईकरांनी या विषयाकडे लक्ष द्यायला तेवढं कारण पुरे.)

दुसरं, धक्क्यावरची वीज. लंकेची वीज ५० हर्ट्झची, अमेरिकी जहाजाची ६० हर्ट्झ. मध्ये हर्ट्झ बदलून देणारा फ्रीक्वेन्सी कन्व्हर्टर नसेल तर बंदरात उभं जहाजही स्वतःचा जनरेटर चालवत बसतं. तेल जातं ते जातंच, जनरेटरचे तासही भरत जातात आणि ओव्हरहॉल, म्हणजे सगळं उघडून दुरुस्ती, लवकर येतं. यावरचा खर्च दानाच्या बातमीत दिसत नाही.

तिसरं, दक्षिण. त्रिंकोमालीहून लंकेच्या दक्षिणेच्या दोंद्रा टोकाला जायला सुमारे दोनशे सागरी मैल, बारा नॉटने सोळा-सतरा तास. म्हणूनच दक्षिण विभागाचं मुख्यालय गॉलहून हंबनटोटाला नेण्याचा निर्णय २०१८ मध्ये झाला. पण ते बंदर तर २०१७ पासून ९९ वर्षांसाठी चिनी कंपनीकडे! तिथे भारतीय बनावटीचं जहाज दुरुस्तीला उघडून ठेवायचं का, हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही.

खाजण:
माझ्या मते मोठ्या जहाजांचं हे सगळं प्रकरणच चुकीच्या टोकाला धरलंय. रोजची डोकेदुखी पाल्कच्या सामुद्रधुनीत आहे. तमिळनाडूचे ट्रॉलर तळ खरवडून जातात. लंकेने २०१७ मध्ये तळ खरवडणारी मासेमारी कायद्याने बंद केली, तरी येतात. तिथलं पाणी उथळ, साडेचार मीटर बुडणाऱ्या 'गजबाहू'सारख्या कटरचं (अमेरिकी तटरक्षक दलाच्या गस्ती जहाजाचं) तिथे काय काम? तिथे लागतात इस्रायली बनावटीच्या ड्व्होरासारख्या वेगवान नौका. त्यातल्या बऱ्याच युद्धकाळातल्या. ॲल्युमिनियमच्या हलक्या सांगाड्याला लाटांवर आपटून आपटून वेल्डच्या कडेला तडे जातात. तडा ओरबाडून पुन्हा वेल्ड केला की शेजारी नवा पडतो, कारण उष्णतेने आजूबाजूचा धातू मऊ झालेला असतो. पैसा आधी इथे.

मतलई:
@खाजण, सप्टेंबर २०२० मधला लंकेजवळ पेटलेला तेलवाहू 'न्यू डायमंड' आठवा. पोटात २ लाख ७० हजार टन कच्चं तेल आणि इंजिनखोलीला आग. आग विझवायला आपलं तटरक्षक दल धावलं. अशा वेळी ड्व्होरा काय करणार, फोटो काढणार?

डोलकाठींच्या सुट्या भागांच्या मुद्द्यात मात्र दम आहे, मान्य. मग असं करा: दोन मोठ्या कटरपैकी एकच चालवा, दुसरं भागांसाठी उभं ठेवा. अमेरिकेने २०२४ मध्ये जे चौथं कटर देऊ केलं, ते मध्यम पल्ल्याचं, 'समुदुरा'च्याच जातीचं, ते तेवढं वापरा. जोडी जमली की एक भांडार, एक प्रशिक्षण. शिवाय माणसंही कमी लागतात. मोठ्या कटरवर अमेरिकेतच दीडशेच्या वर होती, 'सयुराला' ११८ वर भागते.

डोलकाठी:
जोडीचं पटलं. पण "भागांसाठी उभं" म्हणजे काय ते लिहून ठेवा. उभ्या जहाजालाही झिंक (गंज स्वतःवर ओढून घेणारे जस्ताचे ठोकळे) बदलावे लागतात, समुद्राचं पाणी आत घेणारे व्हॉल्व्ह घट्ट आहेत का बघावं लागतं, बिल्जचा पंप रोज चालवावा लागतो. आधी एक पंप उचलून चालत्या जहाजावर नेतात, मग इंजेक्टर, मग एक केबल. कशाची नोंद होत नाही. तीन वर्षांनी चालत्यात बिघाड झाला की उभ्याकडे धाव घ्यायची आणि नेमका तोच भाग आधीच नेलेला. त्या उभ्या जहाजासाठी त्रिंकोमालीत धक्क्याची ११५ मीटर जागा, पाळीचे पहारेकरी आणि दर दोन-तीन वर्षांनी कोलंबोच्या गोदीतली पाळी, याचं बजेट कोणत्या खात्यातून धरताय तेवढं सांगा.