टोकियो: ६ रात्री, चौघं, आई-बाबा सत्तरीपुढचे. शिंजुकू, उएनो, आसाकुसा की गिन्झा?

रानवाट:
एप्रिलमध्ये टोकियोला ६ रात्री राहायचं आहे. आम्ही दोघं आणि आई-बाबा. बाबांचे गुडघे दुखतात, सपाटीवर चालतात पण जिने नकोत. चौघंही शाकाहारी, अंडंही नाही. विमान नारिताला सकाळी ८ ला उतरतं. एक दिवस निक्को, जमलं तर एक दिवस फुजी बघायला कावागुचिको, आणि सातव्या दिवशी शिंकानसेनने क्योतो. मोठ्या बॅगा तीन.
जिथे वाचावं तिथे शिंजुकूच सुचवलेलं दिसतं. उएनो आणि आसाकुसा स्वस्त दिसतात, गिन्झा महाग. कुठे राहावं, आणि बुकिंग करताना नेमकं काय बघावं?

उंबरठा:
शिंजुकू तुमच्यासाठी नको. भाग चांगला आहे, अडचण स्टेशनची आहे. जगातलं सर्वांत गर्दीचं स्टेशन, बाहेर पडायला दोनशेहून जास्त एक्झिट. नकाशात पाच मिनिटांवर दिसणारं हॉटेल चुकीच्या एक्झिटने वर आलात की वीस मिनिटांवर जातं, तेही बॅगा ओढत. एकट्या तरुण माणसाला चालेल, दुखऱ्या गुडघ्यांना नाही.

टोकियोत आधी भाग ठरवून मग हॉटेल शोधलं की फसगत होते. उलट करा: आधी विमानतळावरून येणारी गाडी, मग स्टेशन, मग त्या स्टेशनचं लिफ्ट असलेलं एक्झिट, आणि शेवटी त्या एक्झिटजवळचं हॉटेल. लिफ्ट स्टेशनात असते, पण प्रत्येक एक्झिटला नसते. आत मोठा सरकता जिना आणि शेवटी रस्त्यावर यायला वीस-पंचवीस पायऱ्या, हे फार ठिकाणी दिसतं. स्टेशनचे नकाशे रेल्वे कंपन्यांच्या संकेतस्थळांवर इंग्रजीत मिळतात, त्यात लिफ्टचं चिन्ह कोणत्या एक्झिटपाशी आहे ते बघा.

नारिताहून आलात तर उएनोची बाजू सर्वांत सोयीची. केइसेई या खासगी रेल्वेची स्कायलायनर गाडी पाऊण तासाच्या आत आणून सोडते, आसनं आरक्षित, बॅगांना जागा. पण केइसेईचं उएनो आणि जेआरचं (जपान रेल्वेचं) उएनो ही वेगळी स्टेशनं आहेत, मध्ये रस्त्यावरून चालावं लागतं. म्हणून एक स्टेशन आधी, निप्पोरीला उतरून तिथेच यामानोते लाइन (शहराला वर्तुळात फिरणारी जेआरची लोकल) पकडा आणि तिसऱ्या स्टेशनवर, ओकाचिमाचीला उतरा. माझं मत विचाराल तर राहायचं तिथेच. उएनोच्या मानाने स्टेशन लहान, एक्झिट मोजके, आणि टोकियो स्टेशन पुढे तीनच स्टेशनांवर. क्योतोच्या सकाळी हे फार उपयोगी पडतं, कारण उएनोला शिंकानसेन थांबते ती उत्तरेकडची. क्योतोची टोकियो किंवा शिनागावाहूनच मिळते.

खडीसाखर:
ओकाचिमाचीला दुजोरा, आणि कारण पोटाचं. तिथे हिऱ्या-दागिन्यांचा घाऊक बाजार आहे, त्यात भारतीय जैन व्यापारी बरेच आहेत, त्यामुळे पूर्ण शाकाहारी भारतीय जेवण पायी जाण्याच्या अंतरावर मिळतं. टोकियोत शाकाहाऱ्यांची खरी अडचण मांस नसतं, दाशी असते, म्हणजे रश्श्यासाठी वापरतात ते पाणी. वरून फक्त भाजी आणि नूडल्स दिसतात, पण रस्सा वाळवलेल्या माशाचा असतो. सोबा नूडल्सच्या वाटीत तोच, मिसो सूपमध्येही बहुतेक वेळा तोच. हॉटेलच्या नाश्त्याचे पैसे म्हणून आधी भरू नका, खोली विना-नाश्त्याची घ्या.

निशि-कासाई सुचवणारेही भेटतील, भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे म्हणून. राहायला जाऊ नका. ते शहराच्या पूर्व टोकाला, आणि तिथून आत येणारी तोझाई लाइन सकाळी ८ च्या सुमारास इतकी भरते की आई-बाबांना आत शिरणंही कठीण.

स्वयंपाकघर असलेली खोली घेतलीत तर शेगडी बहुधा इंडक्शनची असते. घरून नेलेला ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापत नाही, सपाट बुडाचं इंडक्शनला चालणारं स्टील न्या. आणि वीज १०० व्होल्टची आहे: २३० व्होल्टची केटल किंवा राइस कुकर लावलात तर पाणी जेमतेम कोमट होईल. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर चालतात, फक्त दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर हवा.

तिसरा मजला:
खोलीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

फोटोंवर जाऊ नका, चौरस मीटरचा आकडा शोधा. बिझनेस हॉटेलात दोघांची खोली १२ ते १५ चौरस मीटर असणं नेहमीचं आहे. एवढ्यात पलंग सोडून एकच मोठी बॅग उघडता येते, दुसरी उभीच ठेवायची. ‘सेमी-डबल’ म्हणजे सुमारे १२० सेंटीमीटर रुंदीचा एकच पलंग. साइट तो दोघांना खुशाल विकते आणि स्वस्त दिसतो म्हणून लोक घेतात. आई-बाबांना ‘ट्विन’च घ्या. ‘नॉन-स्मोकिंग’ वेगळं निवडावं लागतं, नाहीतर वासाची खोली गळ्यात पडते. भाडं माणशी ठरतं, त्यामुळे शोधताना चौघं असाल तर चार हाच आकडा टाका.

चार पलंगांची, छोट्या स्वयंपाकघराची अपार्टमेंट हॉटेलं उएनो-आसाकुसाकडे बरीच आहेत. पण काहींना फ्रंट डेस्कच नसतो, दाराला कोड असतो. तुम्ही सकाळी ८ ला उतरणार आणि खोली मिळणार दुपारी ३ ला. डेस्क नसेल तर तीन बॅगा ठेवायच्या कुठे? हे बुकिंगच्या आधी विचारा. फ्लॅट घेत असाल तर नोंदणी क्रमांक दाखवलेला असलाच पाहिजे, २०१८ च्या कायद्याने तो सक्तीचा आहे.

एप्रिलमधल्या तारखाही सांगा. सुरुवातीला साकुरा (चेरीचा बहर) आणि शेवटच्या आठवड्यात गोल्डन वीकच्या सुट्ट्या, दोन्हीकडे भाडी चढतात. शनिवारची रात्र तर वर्षभरच महाग.

रानवाट:
तारखा १० ते १६. शिंजुकू यादीतून काढलं. आसाकुसाला एक हॉटेल सापडलंय, २६ चौरस मीटर, ‘आसाकुसा स्टेशन २ मिनिटं’ असं लिहिलंय आणि भाडं ओकाचिमाचीपेक्षा बरंच कमी. निक्कोची गाडी तिथूनच सुटते ना? आणि ओकाचिमाचीला राहिलो तर कावागुचिकोसाठी शिंजुकूला जावंच लागेल का?

उंबरठा:
दोन मिनिटं कोणत्या आसाकुसा स्टेशनपासून, ते आधी बघा. गिन्झा लाइन आणि तोएई आसाकुसा लाइन या दोन मेट्रो, आणि निक्कोला जाणारी तोबू रेल्वे, या तिन्हींची स्टेशनं जवळजवळ आहेत. त्सुकुबा एक्सप्रेसचंही स्टेशन ‘आसाकुसा’च, पण ते पश्चिमेला आठ-दहा मिनिटं चालायच्या अंतरावर. भाडं कमी आहे ते बहुधा त्यामुळे. हॉटेल त्या बाजूचं असेल तर सोडा.

तोएई आसाकुसा लाइनजवळचं असेल तर मात्र विचार करण्यासारखं आहे, कारण नारिताहून अ‍ॅक्सेस एक्सप्रेस न बदलता तासाभरात तिथे येते, आरक्षण नसतं आणि स्कायलायनरपेक्षा स्वस्त. परतीला हानेदा असेल तरी त्याच लाइनवरून थेट गाड्या आहेत. उणी बाजू एवढीच की यामानोते लाइन जवळ नाही, बहुतेक ठिकाणी एकदा गाडी बदलावी लागते.

निक्कोची गाडी तोबू आसाकुसाहून, बरोबर. ओकाचिमाचीहून यामानोतेने एक स्टेशन मागे उएनो, तिथून गिन्झा लाइनने पाच मिनिटांत आसाकुसा. निक्कोसाठी तेवढा फेरा परवडतो. कावागुचिकोच्या बसेस टोकियो स्टेशनहूनही सुटतात, जरा जास्त वेळ घेतात पण तुम्हाला सोप्या पडतील.

‘स्टेशनपासून इतकी मिनिटं’ यात फलाट जमिनीखाली किती खोल आहे ते धरलेलं नसतं हेही लक्षात ठेवा. ओएदो ही मेट्रो लाइन फार खोल आहे; रोप्पोंगीला तिचा फलाट जमिनीखाली ४२ मीटरवर आहे. बाबा बरोबर असताना पर्याय असेल तेव्हा यामानोते किंवा गिन्झा लाइन पकडा. गिन्झा १९२७ ची, सर्वांत जुनी, म्हणून रस्त्याच्या अगदी खालून जाते.

तिसरा मजला:
क्योतोला जाताना बॅगा बरोबर नेऊच नका. डेस्कवर ‘ताक्क्युबिन’ (बॅगा पुढच्या हॉटेलात पोचवणारी सेवा) म्हणा, अर्ज तेच भरून देतात. आदल्या सकाळी दिल्यात तर साधारण दुसऱ्या दिवशी क्योतोच्या हॉटेलात पोचतात, मोठ्या बॅगेला दोन ते तीन हजार येन. एका रात्रीचे कपडे आणि आई-बाबांची औषधं हातातल्या पिशवीत. त्यासाठीही डेस्क असलेलंच हॉटेल हवं.
बरोबर न्यायच्याच असतील तर लांबी, रुंदी, उंचीची बेरीज मोजा. १६० सेंटीमीटरच्या वर गेली तर शिंकानसेनमध्ये डब्याच्या शेवटच्या रांगेची, सामानाच्या जागेसकट असलेली आसनं आधीच घ्यावी लागतात. वेगळे पैसे नाहीत, पण ती मोजकीच असतात.

रानवाट:
आसाकुसाचं ते हॉटेल त्सुकुबा एक्सप्रेसचंच निघालं, रद्द केलं. ओकाचिमाचीला दोन ट्विन खोल्या शेजारी-शेजारी मिळताहेत, १८ चौरस मीटर, डेस्क २४ तास. लिफ्टचं एक्झिट रस्ता न ओलांडता आहे का, तेवढं हॉटेलला विचारून आज बुक करते.